पेजफाइलचा आकडा किती ठेवावा: ८ जीबी रॅमवर चालणाऱ्या फ्लेक्सच्या दुकानासाठी

प्रश्न थोडक्यात असा. फ्लेक्स-डीटीपीचं दुकान आहे. संगणकात ८ जीबी रॅम आणि ६४ बिटचं विंडोज १०. विंडोज १२० जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे सी ड्राइव्हवर, आणि तिथे फक्त ९ जीबी जागा उरली आहे. कामाच्या फायली १ टीबीच्या हार्डडिस्कवर, म्हणजे डीवर. फोटोशॉप, कोरल ड्रॉ आणि ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असतं. दुपारनंतर मशीन हँग होतं, मेमरी कमी पडल्याचा संदेश येतो आणि फोटोशॉप काम सेव्ह न करता बंद पडतं. ओळखीच्या एका मुलाने 'एसएसडी लवकर मरेल' म्हणून सीवरची पेजफाइल (रॅममध्ये न मावणारा डेटा ठेवायला विंडोज डिस्कवर राखून ठेवतं ती फाइल) बंद केली आणि डीवर ४०९६ एमबीची, पक्क्या मापाची लावून दिली. टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड'खाली ११.४/११.८ जीबी दिसतं. कुणी सांगतं पेजफाइल रॅमच्या दीडपट ठेवा, कुणी म्हणतं तिप्पट, कुणी म्हणतं काढूनच टाका. बरोबर आकडा कोणता?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी जागा मोकळी करा. पेजफाइल डीवरून काढून परत सीवर आणा. सुरुवातीचं माप ८१९२ एमबी आणि कमाल १४३३६ एमबी लिहा. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे फोटोशॉप स्वतःचा तात्पुरता डेटा ठेवतं तो ड्राइव्ह, सीवरून हलवा. एवढं केल्यावर फोटोशॉप मध्येच बंद पडणं बहुधा थांबेल. मशीन मात्र यामुळे फारसं वेगवान होणार नाही. वेग हवा असेल तर आणखी ८ जीबी रॅम लागेल. हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हींवर एकच गोळी शोधतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ११.४/११.८ हा आकडा. तो नीट वाचता आला तर निम्मं निदान तिथेच होतं.

विंडोज मेमरीचं वाटप पानापानांनी करतं. एक पान ४ केबीचं. आपल्याकडे 'पान' म्हटल्यावर पंगतही आठवते, आणि इथे ती पंगत समजायला फार उपयोगी पडते. समजा तुम्ही आचाऱ्याला सांगितलंत, पाचशे पानांचा स्वयंपाक. प्रत्यक्षात तीनशेच माणसं आली तरी पाचशेंचा शिधा घरात आहे याची खात्री त्याला आधी करावीच लागते. पाचशेवं माणूस दारात उभं राहिल्यावर 'शिधा नाही' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. विंडोज तसंच वागतं. फोटोशॉपने २ जीबी मागितले की विंडोज ते लगेच रॅममध्ये देत नाही, पण 'मागशील तेव्हा देईन' असा शब्द देतं. अशा दिलेल्या सगळ्या शब्दांची बेरीज म्हणजे तो पहिला आकडा, ११.४. आणि जास्तीत जास्त किती शब्द देता येतील ती मर्यादा म्हणजे दुसरा आकडा, ११.८. ही मर्यादा येते रॅम अधिक पेजफाइल यातून. तुमच्याकडे वापरण्याजोगी रॅम ७.८ जीबी आणि पेजफाइल ४ जीबी, म्हणून ११.८.

म्हणजे तुमचं मशीन मर्यादेपासून जेमतेम ४०० एमबीवर उभं आहे. पुढचा मोठा बॅनर उघडला की विंडोजला नाही म्हणावं लागतं. नकार मिळाला की कार्यक्रम, म्हणजे फोटोशॉपसारखा प्रोग्राम, सावरू शकत नाही आणि बंद पडतो. अशा वेळी रॅममध्ये जागा मोकळी दिसत असली तरी उपयोग नसतो, कारण ती जागा आधीच कुणाला तरी कबूल केलेली असते. 'रॅम ८० टक्केच भरली होती, तरी मेमरी कमी कशी?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर हे आहे. लिनक्स इथे वेगळं वागतं. ते ऐपतीपेक्षा जास्त शब्द देतं आणि अगदीच अडलं तर एखादा कार्यक्रम स्वतः मारतं. विंडोज दिलेला शब्द मोडत नाही, आणि तो शब्द पाळण्यासाठी त्याला पेजफाइल हाताशी हवी असते. ती प्रत्यक्ष वापरली गेली नाही तरीही.

म्हणूनच 'रॅम भरपूर आहे, पेजफाइल काढून टाका' हा सल्ला मला मान्य नाही. मीही एकेकाळी तो दिलेला आहे. लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका स्टुडिओत १६ जीबीची चार मशीन होती. १६ जीबी म्हणजे खूप, असं समजून मी चारहींवरची पेजफाइल बंद केली. सुरुवातीला मशीन हलकी वाटली. सीझनमध्ये त्या मुलांनी तीन-तीन अल्बम एकाच वेळी उघडले आणि एका रात्रीत दोन मशीनवर अल्बमची जुळवलेली पानं गेली. रॅम पूर्ण भरलेलीसुद्धा नव्हती. त्या मुलांनी पहाटेपर्यंत बसून ते काम पुन्हा केलं. त्यानंतर मी कुठल्याच मशीनची पेजफाइल बंद केलेली नाही.

पेजफाइल काढली की डिस्कवरची ये-जा थांबते, हा समजही खोटा आहे. कार्यक्रमांची स्वतःची पानं, म्हणजे त्यांच्या ईएक्सई आणि डीएलएल फायलींचे भाग, मूळ फायलीतूनच वाचले जातात आणि गरज पडली की रॅममधून टाकून दिले जातात. पेजफाइल नसेल तर तासभर न हात लावलेला डेटा बाहेर ठेवायला जागाच उरत नाही. मग विंडोजला चालू कामाच्या कोडची पानं काढून टाकावी लागतात आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा वाचावी लागतात.

आता दुसरा आजार, मंदपणाचा. रॅममधून एक पान मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. साध्या साटा एसएसडीवरून सुमारे ०.१ मिलिसेकंद, आणि हार्डडिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. हे आकडे एवढे बारीक आहेत की फरक डोळ्यांपुढे येत नाही. रॅममधून पान आणायला १ सेकंद लागतो असं धरा. मग तेच पान एसएसडीवरून आणायला सुमारे १७ मिनिटं लागतील आणि हार्डडिस्कवरून २८ तास. ओट्यावरचा डबा उचलणं एक, माळ्यावर शिडी लावणं दुसरं, आणि डबा आणायला परगावी माणूस पाठवणं तिसरं. तुमच्या ओळखीच्या मुलाने पेजफाइल एसएसडीवरून हार्डडिस्कवर नेली तेव्हा माळा बंद करून परगावचा रस्ता दाखवला. हेतू चांगला होता, पण मशीन आणखी मंद झालं ते त्यामुळेच.

हार्डडिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते, पण पेजफाइलमधली पानं सलग मागितली जात नाहीत. एक इथलं, एक तिथलं. प्रत्येक वेळी हार्डडिस्कचं वाचणारं डोकं सरकतं आणि तबकडी फिरून योग्य जागी येण्याची वाट पाहावी लागते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर ही वाटच सरासरी ४ मिलिसेकंदांच्या वर जाते. सेकंदाला शंभर वेळा असं झालं तरी ४ केबीच्या हिशेबाने ४०० केबी मिळतात. विंडोज शक्य तेव्हा शेजारची पानं एकदम उचलतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही. तरी तुमच्या डीवर एकाच वेळी काय काय चालू होतं ते पाहा: कामाच्या फायली उघडणं, सेव्ह करणं आणि पेजफाइल. रिपचं, म्हणजे छपाईयंत्राला समजेल अशी फाइल करून देणारं, सॉफ्टवेअरही याच मशीनवर असेल तर त्याच्या तात्पुरत्या फायलीसुद्धा. सगळे एकाच डोक्याला ओढत होते.

या अवस्थेला १९६०च्या दशकापासून नाव आहे, थ्रॅशिंग. व्हर्च्युअल मेमरी पहिल्यांदा प्रत्यक्षात आली ती इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात, १९६२ साली, टॉम किलबर्न यांच्या गटाच्या हातून. त्याची मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची होती (इथे शब्द म्हणजे मेमरी मोजायचं एकक, वर म्हटलेलं वचन नव्हे), आणि फिरणाऱ्या चुंबकीय ड्रमवर ९६ हजार शब्दांची जागा. पान ५१२ शब्दांचं. कार्यक्रम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. कल्पना सुंदर होती आणि आजही आपण तीच वापरतो. पण एकाच मशीनवर अनेक कार्यक्रम चालू लागल्यावर विचित्र अनुभव येऊ लागला: कार्यक्रम एक-एक वाढवत गेलं की मशीन हळूहळू मंद न होता एका क्षणी एकदम कोसळायचं. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी त्याचं कारण मांडलं. प्रत्येक कार्यक्रमाला कुठल्याही क्षणी काही ठरावीक पानं हाताशी लागतातच. त्याला त्यांनी वर्किंग सेट म्हटलं. सगळ्या चालू कार्यक्रमांच्या वर्किंग सेटची बेरीज रॅमच्या वर गेली की पानं आणण्या-नेण्यातच सगळा वेळ जातो आणि काम होत नाही. ड्रम मोठा केला म्हणून हे सुटत नाही. एक तर मेमरी वाढवायची, नाही तर एका वेळी चालणारे कार्यक्रम कमी करायचे. तुमच्या दुकानालाही हेच लागू आहे. पेजफाइल ४ची १४ केल्याने फोटोशॉप बंद पडणार नाही, पण एका वेळी हाताळलेला डेटा ८ जीबीत मावत नसेल तर अडखळणं राहणारच.

दोन्हींपैकी काय चालू आहे ते असं ओळखा. कमिटेडचे दोन आकडे जवळ आले असतील तर मर्यादेचा आजार. कमिटेडला भरपूर वाव आहे, पण मशीन अडखळतं आहे, तर रिसोर्स मॉनिटर उघडा आणि मेमरीच्या टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स प्रति सेकंद', म्हणजे सेकंदाला किती वेळा पान डिस्कवरून आणावं लागलं, तो आकडा पाहा. फाइल उघडताना तो आकडा क्षणभर उसळी घेतो, ते ठीक आहे. नुसतं एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना तो शेकड्यांत जाऊन तिथेच राहत असेल, आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर रॅम कमी आहे. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे दोन्ही आजार आहेत.

आणखी एक पुरावा विंडोजने तुमच्यासाठी लिहून ठेवलेला असेल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम, आणि तिथे 'रिसोर्स-एक्झॉशन-डिटेक्टर'कडून आलेली २००४ क्रमांकाची नोंद शोधा. मर्यादा गाठली गेली त्या क्षणी सर्वांत जास्त मेमरी कुणी घेतली होती, त्यांची नावं आणि आकडे त्यात असतात. मी कुठलंही मशीन हातात घेतलं की सेटिंगला हात लावण्याआधी ही नोंद वाचतो. एका ठिकाणी फोटोशॉपला दोष देत होते आणि नोंदीत नाव निघालं स्कॅनरबरोबर आलेल्या एका छोट्या कार्यक्रमाचं. तो मेमरी घेत जायचा आणि परत करायचाच नाही. तिथे आधी कुणीतरी पेजफाइल ८ची १६ केली होती. त्याने एवढंच झालं की जे दुपारी बंद पडायचं ते संध्याकाळी पडू लागलं. असा संशय असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून 'कमिट साइझ' हा स्तंभ लावा आणि सकाळचा आकडा संध्याकाळशी ताडून पाहा.

आता दीडपट-तिप्पटचं. हा नियम कुठून आला ते कळलं की त्याचा मोह सुटतो. एक्सपीच्या काळात मशीनवर २५६ एमबी रॅम असायची आणि विंडोज स्वतःच रॅमच्या दीडपट सुरुवातीचं माप आणि तिप्पट कमाल माप धरायचं. ३८४ ते ७६८ एमबी. त्या काळी ते ठीक होतं. पण या नियमात उलटा तर्क दडलेला आहे: रॅम जितकी जास्त तितकी पेजफाइल मोठी. खरं तर ठरावीक कामासाठी रॅम वाढवली की पेजफाइलची गरज कमी होते. बरोबर हिशेब कामापासून सुरू होतो. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये तो सोप्या शब्दांत मांडला: आपले नेहमीचे सगळे कार्यक्रम चालवा, कमिटचा सर्वोच्च आकडा पाहा, त्यातून रॅम वजा करा. उरेल ते किमान माप, आणि त्याच्या दुप्पट कमाल. हा सर्वोच्च आकडा टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही. त्यांनीच लिहिलेल्या प्रोसेस एक्सप्लोरर या मोफत कार्यक्रमात, सिस्टिम इन्फर्मेशनच्या मेमरी टॅबमध्ये, 'पीक' म्हणून दिसतो.

तुमच्याबाबत अडचण अशी की आत्ताचा पीक खरा नाही. मर्यादाच ११.८ असल्यामुळे गरज त्याच्या वर जाऊच शकत नाही, मध्येच कार्यक्रम पडतो. म्हणून आधी सैल माप द्यायचं आणि मग मोजायचं. ८१९२ ते १४३३६ दिलं की मर्यादा २१.८ जीबीपर्यंत जाऊ शकते. आठ-दहा दिवस नेहमीसारखं काम करा, मोठ्या ऑर्डरचा एक दिवस त्यात येऊ द्या. पीक समजा १५ जीबी निघाला, तर १५ वजा ७.८ म्हणजे ७.२ जीबी. तेव्हा ८१९२ बरोबरच आहे. पीक १९ निघाला तर सुरुवातीचं माप १२२८८ करा.

मग विंडोजवरच का सोपवू नये? बहुतेकांनी तेच करावं. घरच्या लॅपटॉपसाठी मी 'ऑटोमॅटिकली मॅनेज' हीच खूण ठेवायला सांगतो. विंडोज १० स्वतः रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यातलं जे मोठं तिथपर्यंत पेजफाइल वाढवतं, पण ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या एक अष्टमांशापलीकडे जात नाही. तुमच्या १२० जीबीच्या एसएसडीवर ही कमाल १४ जीबीच्या आसपास येते, म्हणजे माझ्या आकड्याजवळच. फरक एवढाच की ते लहान मापापासून सुरुवात करतं आणि गरज पडेल तसं वाढवतं. दुकानाच्या मशीनवर सी ड्राइव्ह सतत भरत असतो. वाढवायची वेळ येते नेमकी तेव्हा जागा नसते. सुरुवातीचंच माप ८ जीबी ठेवलं की तेवढी जागा आधीच राखून ठेवली जाते, मग ग्राहकांनी पाठवलेल्या फायलींनी ड्राइव्ह भरला तरी हरकत नाही.

एसएसडी मरेल ही भीती मी नेहमी ऐकतो, म्हणून सांगतो. विंडोज ७ बनवणाऱ्या अभियंत्यांनी २००९ मध्ये लोकांच्या मशीनवरची माहिती तपासून सांगितलं होतं की पेजफाइलमध्ये लिहिण्याच्या तुलनेत वाचणं सुमारे ४० पट असतं. वाचनं छोटी-छोटी आणि विखुरलेली, लिहिणं मात्र मोठ्या गठ्ठ्यांनी. एसएसडीला नेमकं हेच मानवतं. पेजफाइलइतकी एसएसडीवर ठेवण्याजोगी दुसरी फाइल क्वचितच असेल असा त्यांचा निष्कर्ष होता. एसएसडीला खरा त्रास होतो ती काठोकाठ भरून ठेवल्याने. मोकळी जागा नसली की तिला एकच डेटा पुन्हा पुन्हा इकडून तिकडे हलवावा लागतो, त्यात वेगही जातो आणि आयुष्यही. तेव्हा काळजी करायची ती त्या ९ जीबीची.

ती ३० जीबी कुठून निघतील? डाउनलोड्स फोल्डर आणि डेस्कटॉपवर साठलेल्या फायली डीवर हलवा, फ्लेक्सच्या दुकानात तिथेच पाच-दहा जीबी निघतात. डिस्क क्लीनअप चालवा आणि त्यात 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबायला विसरू नका, जुन्या अपडेटचा गाळ तिथे निघतो. डेस्कटॉप संगणकाला हायबरनेशन लागत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून पुढे '/एच ऑफ' द्या. विंडोज १० हायबरनेशनच्या फायलीसाठी रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा अडवतं, म्हणजे तुमच्याकडे ३ जीबीहून जास्त. याने फास्ट स्टार्टअप बंद होईल आणि चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, पण शटडाउन खरं शटडाउन होईल. आणि टेम्प फोल्डरमध्ये 'फोटोशॉप टेम्प' अशा नावाच्या मोठ्या फायली आहेत का पाहा. फोटोशॉप मध्येच बंद पडलं की त्या मागे राहतात. तुमचं इतक्या वेळा पडलं आहे की तिथे बराच ऐवज सापडेल. फोटोशॉप बंद असताना त्या काढून टाका.

आता प्रत्यक्ष बदल. स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स' लिहिलं की 'ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' येतं. ते उघडा, ॲडव्हान्स्ड टॅब, व्हर्च्युअल मेमरीखाली 'चेंज'. वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज'ची खूण काढा. आधी सी निवडा, 'कस्टम साइझ' करा, ८१९२ आणि १४३३६ लिहा आणि 'सेट' दाबा. हे बटण दाबल्याशिवाय आकडा लागू होत नाही. नुसतं ओके करून निघून गेलेली कितीतरी माणसं 'काही फरक पडला नाही' म्हणत माझ्याकडे आली आहेत. मग डी निवडा, 'नो पेजिंग फाइल', पुन्हा 'सेट'. ओके, आणि रीस्टार्ट. क्रम हाच ठेवा, आधी सीवर लावायची आणि मग डीवरची काढायची. पेजफाइल सीवर असण्याचा आणखी एक फायदा आहे: निळा पडदा आलाच, म्हणजे विंडोज कोसळलंच, तर त्या क्षणाची नोंद लिहून ठेवायला विंडोजला तिथलीच पेजफाइल लागते. ती नसेल तर कारण शोधायला हातात काही उरत नाही.

दोन्ही ड्राइव्हवर थोडी-थोडी ठेवू का, असंही विचारलं जातं. एक एसएसडी आणि एक हार्डडिस्क असताना मी ते टाळतो. एकाच डिस्कचे दोन भाग केलेले असतील तर त्यातल्या दुसऱ्या भागावर पेजफाइल नेण्यात तर काहीच अर्थ नाही, डोकं तेच आणि पळापळ जास्त.

फोटोशॉपबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तुमचा निम्मा त्रास तिथे आहे. फोटोशॉप पेजफाइलवर अवलंबून न राहता स्वतःची स्क्रॅच फाइल वापरतं. न सांगितल्यास ती विंडोजच्या ड्राइव्हवर, म्हणजे तुमच्या त्या ९ जीबीत. 'स्क्रॅच डिस्क फुल' असा संदेश आला तर पेजफाइल कितीही वाढवा, काही होणार नाही. प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क डीवर द्या. पेजफाइल तिथून निघाल्यामुळे डीला आता तेवढं ओझं झेपेल. जमलं तर पुढे एक २४० जीबीची एसएसडी फक्त स्क्रॅचसाठी लावा, फरक पहिल्याच दिवशी कळेल. त्याच प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये फोटोशॉपला दिलेली मेमरी ७० टक्के असेल तर ती ५५वर आणा. कोरल आणि ब्राउझर शेजारी उघडे असताना ७० टक्के फोटोशॉपने घेतले तर बाकीच्यांची पानं बाहेर फेकली जातात. हिस्टरी स्टेट्स, म्हणजे मागे जाण्यासाठी लक्षात ठेवलेल्या पायऱ्या, ५०च्या २० करा.

आणि फायलीचं माप. २० बाय १० फुटांचा बॅनर ७२ रिझोल्युशनला केला तर १७२८० बाय ८६४० पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये एका थराचे सुमारे ६०० एमबी. चार-पाच थर पूर्ण आकाराचे झाले की ८ जीबीचं मशीन दमतं. तोच बॅनर कुणी ३०० रिझोल्युशनला उघडला तर एकाच थराला १० जीबीच्या वर लागतात, आणि ७२००० पिक्सेल लांबीची फाइल साध्या पीएसडीत सेव्हही होत नाही, कारण तिची मर्यादा ३०००० पिक्सेलची आहे. चौकात वीस फुटांवरून बघायच्या बॅनरला ३०० रिझोल्युशनचा काहीही उपयोग नाही. निवडणुकीच्या आणि गणपतीच्या दिवसांत डिझाइन करणारी नवी मुलं हे हमखास करतात. व्हिजिटिंग कार्डची सवय बॅनरला लावतात. एक चतुर्थांश मापात फाइल करून छपाईला मोठी करायची पद्धत तुमच्याकडे असेलच, ती सगळ्यांना सक्तीची करा. सेटिंग बदलण्यापेक्षा याने जास्त मेमरी वाचेल.

कोरलची आवृत्ती कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. श्रीलिपी, आकृतीचे जुने फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या जुन्या फायली यांच्यामुळे आपल्याकडे कोरल १२ किंवा एक्स३ अजून चालू असतं. ते सगळं ३२ बिटचं. कोरल ६४ बिटचं झालं ते २०१२च्या एक्स६पासून. ३२ बिटच्या कार्यक्रमाला एरवी २ जीबीच मेमरी दिसते. ६४ बिटच्या विंडोजवर, आणि तेही कार्यक्रम तसा बांधलेला असेल तरच, ४ जीबी. मशीनमध्ये ६४ जीबी रॅम घातली आणि पेजफाइल १०० जीबी केली तरी त्याच्या दृष्टीने जग तेवढंच. तेव्हा जुनं कोरल 'आउट ऑफ मेमरी' म्हणत असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये उपाय शोधू नका. काम दोन फायलींत वाटा, आत आणलेले मोठे फोटो आधीच लहान करा.

रॅम मोकळी करून देणारे जे छोटे कार्यक्रम मिळतात ते लावू नका. ते सगळ्या कार्यक्रमांची पानं जबरदस्तीने बाहेर ढकलतात. आकडा क्षणभर सुंदर दिसतो, आणि पुढच्या क्लिकला तीच पानं डिस्कवरून परत आणावी लागतात. विंडोज १० ते काम जास्त शहाणपणाने करतं. थंड पडलेली पानं आधी रॅममध्येच दाबून लहान करून ठेवतं. मेमरीच्या ठिकाणी कंसात 'कंप्रेस्ड' म्हणून जो आकडा दिसतो तो हाच.

राहिली रॅम. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहा. २ पैकी १ असेल तर त्याच जातीची, डीडीआर४ असेल तर डीडीआर४चीच, आणखी ८ जीबीची पट्टी घ्या. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की थोडा वेगही वाढतो. मशीन डीडीआर३चं निघालं तर खर्च करण्याआधी थांबा. विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आहेत आणि तेवढं जुनं मशीन विंडोज ११ घेणार नाही. तिथे रॅमचे पैसे नव्या मशीनकडे वळवलेले बरे.

आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी सी मोकळा करून पेजफाइल हलवा, स्क्रॅच डिस्क बदला. उद्यापासून प्रोसेस एक्सप्लोरर सकाळीच चालू करून ठेवा आणि रात्री मशीन बंद करण्याआधी पीकचा आकडा वहीत लिहा, कारण बंद केल्यावर तो शून्यापासून सुरू होतो. आठ-दहा दिवसांचे आकडे, २००४च्या नोंदीतली तीन नावं आणि कोरलची आवृत्ती एवढं कळवलंत की रॅमवर खर्च करायचा की दुसऱ्या एसएसडीवर, हे नेमकं सांगता येईल.